आमच्या बाईंची पद्धत पालकांना कशी पटवायची?

खानापूरचा पालक:
नमस्कार मंडळी, इकडं कर्नाटकात, बेळगावजवळ, आमच्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीवर, म्हणजे पालकांच्या शाळा समितीवर, यंदा आलोय. मुलं दरवर्षी कमी व्हायलीत. चौथीच्या बाई वर्गाचे नियम मुलांनाच ठरवायला लावतात, हिशोब आठवडी बाजारात नेऊन शिकवतात, तर मीटिंगला दोन पालक चिडले की पोरं नुसती खेळायलेत, धडे कधी संपणार. मला बाईंची बाजू घ्यायची होती पण बोलताच येईना. ह्याला काही आधार आहे का?

निपाणीकर:
आहे की. अमेरिकेतले शिक्षणाचे विचारवंत जॉन ड्युई, त्यांनी 1916 सालीच लिहून ठेवलंय, लोकशाही म्हणजे नुसती सरकार चालवायची पद्धत नव्हे, एकमेकांसोबत जगायची रीत आहे, आणि ती शाळेत रोज केल्याशिवाय अंगी लागत नाही. बाबासाहेब कोलंबियात ह्याच ड्युईंचे विद्यार्थी. बारा वर्षं हाताची घडी घालून गप्प बसलेलं पोर अठराव्या वर्षी ग्रामसभेत उठून प्रश्न कसं विचारणार सांगा.

निवृत्त गुरुजी:
पालकांचं अगदीच चूक नाही हं. पोरांना मोकळं सोडलं की झालं असं समजणाऱ्यांना ड्युईंनीच 1938 मध्ये फटकारलंय, अनुभवातून पुढचं शिक्षण निघालं पाहिजे, आणि ती आखणी शिक्षकाची. मी मलप्रभेवर पोरं न्यायचो, कणकुंबीत उगम, पुढे कृष्णेला मिळते हे वाचलेलं असायचंच, पण काठावर उभं राहून पोरगं विचारायचं गुरुजी उन्हाळ्यात पाणी जातंय कुठं, आणि तिथनं ऊस, बोअर, पाऊस सगळा भूगोल चालू व्हायचा. परत आल्यावर लिहून घ्यायचो, ते मात्र चुकवायचं नाही. कोल्हापुरात शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी 1985 ला सृजन आनंद विद्यालय काढलं, अशीच अनुभवातून शिकवणारी शाळा, तिथं जाऊन या, लांब नाही.

टिळकवाडी:
आणखी एक, वर्गात घरी कन्नड बोलणारी पोरं असतील तर नियम ठरवताना त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. आपल्या मराठीसाठी आपण जे मागतोय तेच त्यांना वर्गात मिळालं पाहिजे, मला हे फार मनापासून वाटतं.

खानापूरचा पालक:
गुरुजी, लिहून घेण्याचं पटलं. बाईंकडे बाजारच्या हिशोबाच्या वह्या आहेत, पुढच्या मीटिंगला त्याच पालकांच्या हातात देतो. दोन कन्नड पोरं आहेत वर्गात, त्यांचं बाईंना विचारतो.