रोजच्या कामाला आणि हौसेलाही चालेल अशी जुन्या धाटणीची छोटी मोटारसायकल कोणती घ्यावी?

पेठकर (कोल्हापूर)

नमस्कार. माझ्याकडे गेली १२ वर्षे १२५ सीसीची साधी गाडी आहे. शिवाजी पेठेतल्या घरापासून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीपर्यंत जाऊन-येऊन रोज साधारण २४ किलोमीटर मी तिच्यावरच काढतो. ती अजून कुरकुर न करता चालते, त्यामुळे व्यवहार म्हणून पाहिले तर नवी गाडी घेण्याचे काहीच कारण नाही. कारण एवढेच की, वयाच्या ४१व्या वर्षी मला अशी एक गाडी हवी आहे, जी कामावरून परतताना मुद्दाम रंकाळ्याला वळसा घालून घरी आणावीशी वाटेल.

माझ्या वडिलांकडे येझदी होती. गोल दिवा, फुगीर टाकी आणि तासभर पुसत बसावेत असे सिलिंडरचे पंखे (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या धातूच्या पट्ट्या), हे रूप तेव्हापासून डोक्यात बसले आहे. मात्र मला मोठी, लांबच्या सफरींची गाडी नको आहे. आठवड्याचे सहा दिवस महाद्वार रोडच्या गर्दीतून आणि हायवेच्या सेवा रस्त्यावरून मी एकटाच जाणार, रविवारी पत्नीसह पन्हाळा किंवा जोतिबा, आणि वर्षातून दोन-तीनदा गगनबावडा, एवढाच वापर आहे. रस्त्यावर येईपर्यंतचा सगळा खर्च सव्वादोन लाखांच्या आत बसावा. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० आणि हंटर ३५०, होंडाची हायनेस सीबी ३५०, टीव्हीएसची रोनिन आणि जावा ४२ या पाच गाड्या यादीत आहेत. मित्रमंडळींच्या मते बुलेट किंवा क्लासिक सोडून दुसरे काही घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. माझी उंची ५ फूट ५ इंच आहे. ज्यांनी या गाड्या रोजच्या रोज वापरल्या आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे. स्पोकची चाके घ्यावीत की अलॉय, हेही सांगावे.

हंटरस्वार (पुणे)

मी हंटर ३५० दोन वर्षे कोथरूड ते खराडी अशी रोज चालवतो आहे, तेव्हा माझे मत तिच्याकडे झुकलेले असणार, हे धरूनच पुढचे वाचावे. क्लासिक आणि हंटर या दोन्हींत इंजिन एकच आहे, ३४९ सीसीचे. ताकद २० बीएचपीच्या थोडी वर आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २७ न्यूटन मीटर, हेही आकडे सारखेच. पण गाडीवर बसल्यावर त्या दोन वेगळ्याच गाड्या वाटतात. क्लासिकचे वजन १९५ किलो आहे आणि हंटरचे १८१. कागदावर हा १४ किलोंचा फरक किरकोळ दिसतो, परंतु घरगुती सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरलेला असतो तेवढे हे वजन आहे, आणि सिग्नलवर गाडी एका पायावर तोलताना ते चांगलेच जाणवते. शिवाय क्लासिकचे पुढचे चाक १९ इंची आणि मागचे १८ इंची आहे, तर हंटरची दोन्ही १७ इंची असून दोन चाकांमधले अंतरही २० मिलिमीटरने कमी आहे. त्यामुळे रिक्षा आणि बसच्या फटीतून हंटर जशी वळते तशी क्लासिक वळत नाही. क्लासिक सरळ रस्त्यावर शांतपणे जाण्यासाठी बनली आहे, आणि ती ते काम फार छान करते.

आता दुसरी बाजू. हंटरची मागची सीट आखूड आहे आणि सुरुवातीच्या गाड्यांचे मागचे शॉक कडक होते. २०२५ मध्ये जी सुधारित हंटर आली तिच्यात मागचे सस्पेन्शन बदलले आहे, जमिनीपासूनची उंची १० मिलिमीटरने वाढवली आहे आणि क्लचही हलका केला आहे. म्हणून जुनी हंटर स्वस्तात मिळत असली तरी वहिनींना मागे बसवून किमान दहा गतिरोधकांवरून चालवून पाहिल्याशिवाय ती घेऊ नये.

गॅरेजवाले काका (सांगली)

पेठकर, तुमच्या वडिलांच्या येझदीचा उल्लेख वाचून बरे वाटले. त्या गाडीत किकचा आणि गिअरचा दांडा एकच असे. किक मारली की तोच दांडा पुढे ढकलून गिअर टाकायचा. नवशिक्याला दांडा सापडत नसे आणि जुना माणूस त्याच्याकडे बघून हसत असे. येझदी बनवणारा म्हैसूरचा तो आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आणि जावा हे नाव बाजारात परत आले ते थेट २०१८ मध्ये. नव्या जावा ४२ मध्ये इंजिन चार स्ट्रोकचे आहे आणि ते पाण्यावर थंड होते. सिलिंडरवर दिसणारे पंखे प्रामुख्याने शोभेसाठी आहेत. तुम्ही फाउंड्रीतले आहात म्हणून हे मुद्दाम सांगतो, नाही तर ओतकाम पाहून भाळाल आणि रेडिएटर नंतर दिसेल. गाडी वाईट नाही, उलट पाचांत सर्वांत चपळ तीच आहे; पण तिचा जोर इंजिन वर फिरू लागल्यावर येतो, आणि तुमच्या वर्णनावरून तुम्हाला खालचा जोर हवा आहे असे वाटते.

खालचा जोर म्हणजे काय, तेही सांगतो, कारण शोरूममध्ये फक्त बीएचपी सांगतात. एनफील्डच्या या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.८ आहे. होंडा हायनेसमध्ये व्यास ७० आणि स्ट्रोक तब्बल ९०.५ आहे. पिस्टनचा प्रवास असा लांब असला की इंजिन सावकाश फिरतानाच गाडी ओढते. होंडाचा ३० न्यूटन मीटरचा सगळा टॉर्क ३००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांना) हजर असतो, एनफील्डचा २७ हा ४००० ला. रोनिनमध्ये व्यास आणि स्ट्रोक दोन्ही ६६, म्हणजे चौकोनी इंजिन. टॉर्क २० च्या किंचित खाली, पण तोही ३७५० लाच मिळतो आणि गाडीचे वजन १६० च्या आसपासच आहे. म्हणून नुसता टॉर्क पाहू नका, तो किती किलोंना ओढायचा आहे हेही पाहा.

स्पोकच्या चाकांबद्दल माझे मत कडक आहे. या किमतीच्या गाड्यांत स्पोकचे चाक म्हणजे बहुतेक वेळा आत ट्यूब. खिळा लागला की हवा भसकन जाते, मागचे चाक काढल्याशिवाय पंक्चर निघत नाही, आणि गगनबावड्याच्या खाली करूळ घाटात संध्याकाळी पावसात हा प्रसंग आला तर स्पोकचे सौंदर्य लक्षात राहत नाही. ट्यूबलेस टायर असेल तर हवा हळूहळू उतरते आणि तुम्ही गावापर्यंत पोचता. अलॉयच घ्या.

एक प्रश्न विचारतो: गाडी घरी कुठे लावता? गाडी निवडताना हे कोणी विचारात घेत नाही, आणि सहा महिन्यांनी गॅरेजमध्ये येऊन त्याचेच रडगाणे गातात.

लाल माती (रत्नागिरी)

मी ५ फूट २ इंच उंचीची आहे आणि दीड वर्षापासून रोनिनवर शाळेत जाते, म्हणजे शिकवायला. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने रस्त्यावर जांभ्याचा लाल चिखल वाहत येतो, त्यामुळे मी गाडी पाहताना आधी ब्रेक पाहिले. रोनिनच्या वरच्या प्रकारात एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) पावसासाठी आणि शहरासाठी असे दोन मोड आहेत. पावसाच्या मोडमध्ये ते लवकर काम करू लागते. सीटची उंची ७९५ मिलिमीटर आहे, हंटरची आणि हायनेसची ८०० च्या आसपास, तेव्हा कागदावर फारसा फरक नाही. माझे दोन्ही तळवे पूर्ण टेकत नाहीत, पण गाडी हलकी असल्यामुळे एक पाय टेकला तरी पुरतो. जड गाडीवर एका पायाची ही सवय अंगाशी येते.

आणखी एक गोष्ट, जी विकत घेताना मला फारशी महत्त्वाची वाटली नव्हती: क्लच सोडून, अ‍ॅक्सिलरेटर न देता, गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने आपोआप पुढे सरकत राहते. बाजारातल्या गर्दीत डाव्या हाताला याचा जो आराम मिळतो तो शब्दांत सांगता येणार नाही. मात्र हिला शुद्ध जुन्या धाटणीची गाडी म्हणता येणार नाही, हे मान्य करते. दिव्यातला टी आकाराचा प्रकाश आणि पुढचे सोनेरी फोर्क पाहून माझे वडील म्हणाले होते की, ही गाडी जुनी होण्याचे नाटक करते आहे. तुम्हाला पंखे पुसायचे असतील तर त्याचा विचार करावा.

पेठकर (कोल्हापूर)

सर्वांचे आभार. काका, तुमच्या प्रश्नाने नेमके दुखरे ठिकाण सापडले. आमचे घर बोळात आहे आणि बोळ दाराकडे उतरता आहे. बोळाची रुंदी इतकी कमी की आत गाडी वळत नाही. रोज सकाळी ती उलटी, म्हणजे मागे ढकलत, साधारण १५ फूट चढावर काढावी लागते. १२५ सीसीच्या गाडीने याची कधी जाणीव होऊ दिली नव्हती. काल मित्राची क्लासिक प्रयोगासाठी बोळात आणली. उतरताना ती हौसेने उतरली. वर काढताना मी हँडल धरून, पाय रोवून, दोनदा अर्ध्यावर थांबलो, आणि शेवटी समोरच्या घरातल्या मुलाने पुढून दिवा धरून ढकलली तेव्हा ती बाहेर आली. मित्र म्हणाला की सवय होईल. मला पहिल्या पाळीला साडेसहाला निघायचे असते. त्या वेळी समोरचा मुलगा झोपलेला असतो.

एका शोरूममध्ये टेस्ट राइड मागितली तर विक्रेत्याने हायवेवर सरळ दोन किलोमीटर नेऊन परत आणले. अशा राइडमध्ये कोणतीही गाडी चांगलीच वाटणार. आणखी कोणी ट्रायम्फ स्पीड ४०० सुचवत आहे, तिच्याबद्दलही सांगावे.

हिशेबनीस (सातारा)

स्पीड ४०० आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते, गाडी उत्तम आहे आणि ४० पीएसची (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) आहे. परंतु तुमच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट ताकद आणि अंदाजपत्रकाबाहेरचा खर्च, अशी तिची अवस्था होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. तिचे इंजिन ३९८ सीसीचे आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही ३५० सीसीच्या वर निराळ्या, महाग टप्प्यात जातो, आणि नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. तुमच्या यादीतल्या पाचही गाड्या सुदैवाने रेषेच्या अलीकडे आहेत.

मी स्वतः हायनेस वापरतो. चढावर ती ज्या सहजतेने तिसऱ्या गिअरमध्ये ओढते त्याला तोड नाही, टाकीही १५ लिटरची आहे. पण वजन १८१ किलो, म्हणजे हंटरएवढेच, आणि ती लांबीला मोठी. तुमच्या बोळाचे वर्णन वाचल्यावर मी ती सुचवणार नाही. ही गाडी बिगविंग या होंडाच्या मोठ्या गाड्यांच्या वेगळ्या दालनातच मिळते, तेव्हा घेणार असाल तर सर्व्हिसिंगची सोय आधी पाहून ठेवा.

गॅरेजवाले काका (सांगली)

बोळ कळला, आता निम्मे काम झाले. टेस्ट राइड अशी घ्या. प्रथम इंजिन बंद ठेवून गाडी उतारावर लावा आणि बसूनच, पायांनी मागे ढकलून पाहा. मग चालू करून दुसऱ्या गिअरमध्ये माणूस चालतो त्या वेगाने दोनशे पावले चालवा. गाडी गचके देते का, क्लच सारखा धरावा लागतो का, हे तिथेच कळते. त्यानंतर पत्नीला मागे बसवून एखाद्या चढावर थांबा आणि पुन्हा सुरुवात करा. शेवटी दहा मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवून उजव्या पायाला किती धग लागते ते पाहा. हायवेवर न्यायची गरजच नाही. विक्रेता तयार नसेल तर दुसऱ्या दालनात जा, किंवा ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याला चहा पाजा.

मेन स्टँड कंपनीकडून बसवून येतो की वेगळा घ्यावा लागतो, हेही विचारून घ्या. चेनला तेल दर ५०० किलोमीटरला द्यायचे असते आणि मेन स्टँड नसला की लोक ते टाळतात. टाळले की वर्षभरात चेन ढिली पडून खडखडू लागते आणि दोष गाडीला देतात.

पेठकर (कोल्हापूर)

काकांच्या पद्धतीने हंटर आणि रोनिन दोन्ही पाहिल्या. हंटर ओळखीच्या एकांनी दोन तास दिली. बोळातून ती निघाली, पण कंबर वाकवून; पन्हाळ्याच्या चढावर आम्ही दोघे असताना मात्र ती रोनिनपेक्षा नक्कीच निश्चिंत वाटली आणि गिअर कमी बदलावे लागले. रोनिनला त्याच चढावर वाघबिळाच्या पुढे एकदा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावे लागले, यापलीकडे तक्रार नाही. पत्नीचे मत विचारले तर तिने गाडीच्या रूपाबद्दल एक शब्दही न बोलता सांगितले की, रोनिनवर मागे बसल्यावर धरायला जागा बरी आहे.

मग हिशेब केला. पन्हाळा महिन्यातून चारदा, आणि बोळ महिन्यातून २६ वेळा. काल रोनिनची नोंदणी केली, अलॉय चाकांची, वरच्या प्रकारातली. पंखे पुसण्याची हौस राहिलीच आहे. वडिलांच्या येझदीचा सिलिंडर माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवला आहे, तो खाली काढला. लाल माती ताई, तुमच्या वडिलांचे वाक्य मी घरी सांगितलेले नाही.

चेनसाठी काकांना एक प्रश्न उरतो: मेन स्टँड नसेल तर चेनला तेल एकट्याने कसे द्यावे?

गॅरेजवाले काका (सांगली)

साइड स्टँडवर लावा, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. दिसते तेवढ्या चेनला आतल्या बाजूने, खालच्या पट्ट्यावर, तेल द्या. मग गाडी चार-पाच फूट पुढे ढकलून पुढचा तुकडा. तीन-चार वेळा केले की फेरी पूर्ण होते. कुठून सुरुवात केली ते कळावे म्हणून एका कडीला खडूची खूण करा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके लावणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांची बोटेही पाहिली आहेत. तुमच्या बोळात तर सोपेच आहे, ढकलायची तर आहेच. वर काढतानाच तेल देत या.