लूकचा चौदावा अध्याय, तिसरे निमित्त आणि लक्ष्मीबाई

राहुरीकर
"ख्रिस्ताचे आमंत्रण स्वीकारणे कठीण नाही, निमित्ते सोडणे कठीण आहे," असे 'वाटेवरचा शिष्य' यांनी परवा येथे लिहिले आणि त्यासाठी लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायातील मेजवानीचा दाखला दिला. तिथे बोलावलेले तिघे निमित्त सांगून येत नाहीत. एकाने शेत घेतले होते, दुसऱ्याने पाच बैलजोड्या, तिसऱ्याने नुकतेच लग्न केले होते. तिघांनाही त्यांनी एकाच दावणीला बांधले. पहिल्या दोघांचा जीव मालमत्तेत अडकला होता, हे मान्य. परंतु नवविवाहिताला वर्षभर लढाईवर पाठवू नये, त्याने घरी राहून बायकोला संतुष्ट करावे, अशी आज्ञा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात आहे. मग तिसऱ्याचे निमित्त आणि आज्ञापालन यांतील रेषा कोणी आखायची? कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना आधी विश्वासात घेतले नव्हते. आमंत्रण एकाला आले आणि त्याचे मोल दुसरीने पुढची काही वर्षे वेगळे राहून चुकवले. आपण व्यासपीठावरून फक्त पहिली गोष्ट सांगतो.

वाटेवरचा शिष्य
आपण अनुवाद वाचलात, पण लूकचा तोच अध्याय २६व्या वचनापर्यंत वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत. बाप, आई, बायको, मुले आणि स्वतःचा जीव यांपेक्षा ख्रिस्ताला पुढे न ठेवणारा त्याचा शिष्य होऊ शकत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. शिवाय नवविवाहिताला सूट मिळाली ती लढाईतून. येथे बोलावणे जेवणाचे होते, आणि जेवायला बायकोलाही बरोबर नेता आले असते. टिळकांनी घरच्यांची संमती मिळण्याची वाट पाहिली असती, तर ती आयुष्यभर पाहावी लागली असती.

कोपऱ्यातली
"बायकोलाही बरोबर नेता आले असते" हे वाक्य लिहिणारा मनुष्य स्वयंपाकघरात कधी उभा राहिला नसावा. मी नऊ वर्षांची असताना माझ्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला आणि संध्याकाळी घरी आल्यावर आईला सांगितले. त्या दिवसापासून अकरा वर्षे आमच्या घरात दोन चुली होत्या. माहेरच्यांनी आईला तोडले ते वडिलांमुळे, आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, तिला आपले म्हटले नाही ते तिच्या देव्हाऱ्यामुळे. वडिलांनी विश्वास कसा धरला याची साक्ष दर ईस्टरला व्हायची; आईला कोणी एकदाही काही विचारले नाही.

जुना सभासद
आज्ञापालनाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो: कोणाचे आज्ञापालन? आमच्या मंडळीत जमाखर्च मागणाऱ्याला "बंडखोर" म्हणतात आणि पुढच्या निवडणुकीत त्याचे नाव यादीतून गायब होते. स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. आज त्यांची भजने गाणाऱ्या किती कमिट्यांना हे चालेल?

राहुरीकर
कृपया कमिटीच्या निवडणुका दुसरीकडे लढवाव्यात.

केडगावचा प्रवासी
जुन्या सभासदांचा प्रश्न अगदीच अस्थानी नाही. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तेथील जोगिणींशी त्यांचा आज्ञापालनाच्या याच मुद्द्यावर वाद जुंपला. भटशाहीचे जू मोठ्या कष्टाने झुगारल्यावर पाद्र्यांचे तसलेच जू मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले होते. आणि पुढे त्यांनीच कबूल केले की, त्या काळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो कित्येक वर्षांनी सापडला. म्हणजे आमंत्रण "स्वीकारले" ती तारीख कोणती धरायची?

वाटेवरचा शिष्य
बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे संपूर्ण स्वीकार नव्हे, एवढे मी मान्य करतो. आपण सर्वांनी मिळून मला वधस्तंभावर चढवण्याआधी मान्य केलेले बरे. परंतु लक्ष्मीबाई शेवटी ख्रिस्ताकडे आल्याच ना? मग टिळकांचे पाऊल चुकले कसे?

राहुरीकर
त्या आल्या, पण नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नव्हते. जातिभेद देवाने केलेला नाही, हे स्वतःला पटल्यावर त्यांनी ते टाकले, आणि बाप्तिस्मा त्यानंतर १९०० साली घेतला. नवऱ्याची आज्ञा म्हणून त्या आल्या असत्या, तर त्याला मी विश्वास म्हटले नसते. शेवट गोड झाला म्हणून आधीचे न सांगणे माफ होते, हे गणित मला येत नाही.

वाटेवरचा शिष्य
टिळकांनी आधी सांगायला हवे होते. हे वाक्य कोरून ठेवावे, कारण मी ते पुन्हा लिहिणार नाही. कोपऱ्यातली ताई, आपल्या मातोश्री पुढे विश्वासात आल्या का?

कोपऱ्यातली
तुम्ही हेच विचारणार, हे ठाऊक होते. नाही आली. वडिलांची दृष्टी गेल्यावर शेवटची चार वर्षे शुभवर्तमान मात्र तीच त्यांना रोज वाचून दाखवत असे, आपली सांजवात झाल्यानंतर. त्यात लूकही आला असणारच.