तुमचा जोडीदार कोण होता? माजी सैनिकांचे अनुभव

जय हिंद मंडळी. मी सातारा जिल्ह्यातला, खटाव तालुका. १९९४ ला बेळगावला भरती झालो, मराठा लाइट इन्फंट्री, २०१८ ला हवालदार म्हणून पेन्शन आलो. शौर्याच्या गोष्टी पुष्कळ लिहिल्या जातात आणि लिहिल्याच पाहिजेत, पण इथं मला वेगळं पाहिजे. मोर्च्यात, म्हणजे खंदकात, शेजारी कोण होता, तुमची पत्रं कोण वाचायचं, लंगरमध्ये तुमची थाळी कोण राखून ठेवायचं, ते लिहा. माणसांची नावं नको, पलटणीचा आत्ताचा ठावठिकाणा तर अजिबात नको.

सुरुवात मीच करतो. २००५, सियाचीन. नोव्हेंबर २००३ पासून गोळीबार बंद होता त्यामुळं वैरी म्हणजे थंडीच. वर चढायच्या आधी हवेची सवय करतात, आधी सहा दिवस, मग वरच्या टप्प्यावर चार, मग अजून वर चार, आणि ओपी बाबाच्या (तिथला राखणदार मानतात त्या जवानाच्या) मंदिरात रिपोर्ट दिल्याशिवाय कोणी पुढं जात नाही, साहेब असो नाहीतर जवान, उतरल्यावर पण तिथंच पहिली रिपोर्ट. सगळे एका दोरीला बांधून चालतात, त्या दोरीत मी तिसरा आणि माझ्या मागं चौथा मालवणकडचा पोरगा. समुद्राकाठचा, बर्फ आयुष्यात बघितला नव्हता. रात्रीचं चालायचं कारण तेव्हा बर्फ घट्ट असतो, तोंडातून शब्द निघत नाही, मग दोरीच बोलते. ताण बदलला की मला कळायचं, हा दमलाय, हा थांबलाय, आज ह्याच्या डोक्यात घरचं काहीतरी चाललंय. एकदा पायाखालचा बर्फ गेला आणि मी छातीपर्यंत आत, तेव्हा तो आडवा पडून राहिला म्हणून मी आज टाइप करतोय. पण मला त्याच्यापेक्षा जास्त आठवतात ते पाय. रोज संध्याकाळी मोजे काढून एकमेकांची बोटं बघायची, कारण बोट बधिर झालं की ज्याचं त्याला कळत नाही, दुसऱ्यालाच रंग दिसतो. माझी दोन बोटं पांढरी पडलेली बघितली तशी त्यानं शर्ट वर करून माझे पाय स्वतःच्या उघड्या पोटावर घेतले आणि तासभर तसाच बसला. रॉकेलच्या धुरानं थुंकी काळी यायची, भूक तर मेलेलीच. मी जेवायला नाही म्हणालो की हा बांगड्याचं तिखलं सांगायला घ्यायचा, वाटण कसं, तिरफळं कधी टाकायची, त्याची आई कुठल्या भांड्यात करते, आणि ऐकता ऐकता डब्यातलं ते बेचव जेवण खाली उतरायचं. आता दरवर्षी आंगणेवाडीच्या जत्रेला मी त्याच्याकडं असतो. त्याच्या आईच्या हातचं तिखलं खाल्लं तेव्हा मला ते आधीपासून पाठ होतं.

—

माझे आजोबा बोलतायत, मी नात टाइप करतेय. आजोबा ७६ वर्षांचे आहेत, गाव वाई तालुक्यात, जंगी पलटण म्हणजे १ मराठा.

मी १९७१ च्या लढाईत, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, जमालपूरला होतो. ब्रह्मपुत्रा ओलांडून आम्ही गावाच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलो होतो. आमच्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी समोरच्या ३१ बलूच ह्या पाकिस्तानी पलटणीच्या कर्नलला, सुलतान महमूद त्यांचं नाव, शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, एक म्हातारा सायकलवरून घेऊन गेला, आणि उत्तरात चिठ्ठीबरोबर बंदुकीची गोळी आली. हे आम्हाला नंतर कळलं. आम्हाला एवढंच माहीत की ते ह्याच रस्त्यानं बाहेर पडणार. १० डिसेंबरच्या रात्री ते आले. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, आम्ही दोघं, तो नंबर एक, मी नंबर दोन. एक फायर करतो, दोन मॅगझिन देतो आणि बॅरल तापली की बदलतो. अंधारात बोलून ऐकू येत नव्हतं, म्हणून मी त्याच्या खांद्यावर थाप मारायचो, एक थाप म्हणजे मॅगझिन, दोन थापा म्हणजे बॅरल. किती वेळा थोपटलं त्याचा हिशोब नाही. तापलेली बॅरल हाताला लागून माझा तळवा सोलला गेला, ते सकाळी दिसलं. उजाडल्यावर समोर एवढी माणसं पडलेली होती की दोघं पण काही बोललो नाही. त्यानं त्याच्या बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं, स्वतः प्यायला नाही.

(आजोबा इथं थांबले होते. पुढचं संध्याकाळी सांगितलं.)

पेन्शन आल्यावर दर दसऱ्याला त्याचं पोस्टकार्ड यायचं. मजकूर एकच, खुशाल आहे, हात कसा आहे. २००९ नंतर आलं नाही. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. त्याचं गाव पोलादपूरकडचं.

—

मी नेव्हीत होतो, रत्नागिरी. भरती १९७४ ची. आमचे एक उस्ताद खुकरी जहाजावर होते आणि बदली होऊन उतरले, त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ ती बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. दरवर्षी ९ तारखेला ते जेवायचे नाहीत. आम्ही पोरं होतो, कोणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या वर्षी आमच्या पण मेसमध्ये त्या दिवशी कोणाला घास गेला नाही. मला एवढंच लिहायचं होतं.

—

मी फौजी नाही, फौजीची बायको आहे, चालेल ना. माझे मिस्टर १९९८ ला जम्मूकडं ड्युटीवर असताना गाडी दरीत गेली त्यात गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे जोडीदार आले होते, तेरावं होईपर्यंत आमच्या ओसरीवर राहिले, माझ्या सासऱ्यांना आंघोळीचं पाणी सुद्धा तेच काढून द्यायचे. नंतर ह्यांची काळी पेटी आली. ती त्या जोडीदार भाऊंनीच भरलेली होती. मी दार लावून उघडली तर सगळे कपडे स्वच्छ धुतलेले, इस्त्री केलेले, घडीवर घडी. मला एक तरी शर्ट न धुतलेला पाहिजे होता. मी खूप रडले आणि त्या भाऊंचा मनातून राग राग केला, कित्येक वर्षं. ते दर दिवाळीला येतात, मुलाची भरती त्यांनीच पळून पळून करून घेतली. त्यांना हे मी अजून बोललेले नाही.

—

ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. मी सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला, खडकीचा, बॉम्बे सॅपर्स, गाव महाड. मी पण एक पेटी भरलेली आहे.

डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत आम्ही बॉर्डरवर. आमचं काम माईन, म्हणजे सुरुंग, टाकायचं. लढाई झालीच नाही, म्हणून लोकांना वाटतं तिथं कोण मेलं नाही. आमच्यातला एक गेला. पांढऱ्या टेपच्या आत, जिथं पाय ठेवायला परवानगी होती तिथंच, आणि चूक कोणाची ते मला आजही लिहायचं नाही. त्या दिवशी त्याच्या पुढं मी होतो, त्याचा पाय माझ्याच पावलात पडत होता. संध्याकाळी साहेब म्हणाले, पेटी तू भर. ताई, त्याच्या कपड्यांना घामाचा, डिझेलचा, मातीचा वास होता, आणि मला वाटलं हा वास त्याच्या आईपर्यंत गेला तर ती रोज तोच विचार करत बसेल. म्हणून थंडीत बादलीभर पाण्यात सगळं धुतलं. इस्त्री नव्हती, तांब्यात निखारे घालून केली. मला ते त्याच्यासाठी शेवटचं काम वाटलं होतं. आईला तो वासच पाहिजे असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तुमच्या भाऊंच्या पण आलं नसेल. त्यांना सांगा ताई. तुमच्याकडून ऐकलेलं त्यांना चालेल.

—

सांगते भाऊ. ह्या दिवाळीला सांगते.

—

सॅपर भाऊ, मी खटावचा, वरचा. आमच्या पलटणीत पण पेटीतले कपडे धुऊनच पाठवलेले मी बघितलेत, त्याच्यावर कधी विचार केला नव्हता. आणि वाईच्या ताई, आजोबांना त्या नंबर एकच्या घरी कोणकोण होतं ते आठवतंय का, विचारा ना.

—

नात लिहितेय. आजोबांनी सगळी पोस्टकार्डं तांदळाच्या डब्यात ठेवलीत, आज मला पहिल्यांदा दाखवली. गावाचं नाव आणि वाडी दोन्ही स्पष्ट आहे. घरात एक मुलगा आणि मुंबईला दिलेली मुलगी. आजोबा म्हणतायत माणूस नसला तरी चालेल, घर आहे का तेवढं कळलं पाहिजे. आमच्यातलं कोणी कधी तिकडं गेलेलं नाही.

—

महाडहून पोलादपूर जवळच आहे. वाडीचं नाव मला मेसेज करा, इथं टाकू नका. रविवारी मोकळा आहे, सकाळीच निघतो. आजोबांना विचारून ठेवा, हात कसा आहे म्हणून त्यांनी विचारलं तर काय सांगू.