व्हायब्रेटरला करंट येतोय, ठेकेदार म्हणतो एमसीबी आहे

सेंट्रिंग मुकादम, जुळे सोलापूर
दुसऱ्या स्लॅबची तयारी चालू आहे. पहिल्या स्लॅबला व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून बसवायचं मशीन) धरणाऱ्या पोराच्या हाताला सारख्या झिणझिण्या येत होत्या. ठेकेदाराला सांगितलं तर म्हणाला, बोर्डात एमसीबी आहे, काही होत नाही. मग अर्थिंग म्हणून मुरमात एक सळई ठोकून तिला हिरवी वायर बांधून दिली. पोरं घामानं भिजलेली, पाय ओल्या काँक्रीटमध्ये. एवढ्यावर त्यांना उभं करू का? माझ्या शब्दावर गावाकडून आलेली पोरं आहेत ओ.

वायरमन काका
नका उभं करू. झिणझिण्या येतात म्हणजे करंट अंगातून जायला लागलाच आहे.

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. ती वायर वाचवते, माणूस नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ च्या पुढं गेल्याशिवाय जागची हलत नाही. माणसाच्या छातीतून अँपिअरचा दहावा हिस्सा गेला तरी जीव जाऊ शकतो. आता ती सळई बघा. उन्हाळ्यात आपला मुरूम वाळून खडखडीत होतो. तिचा रेझिस्टन्स ५० ओहम धरू. २३० व्होल्ट भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअर. एमसीबीला पत्ताही लागणार नाही आणि मशीनची बॉडी जिवंतच राहील. त्या हिरव्या वायरीकडं बघून पोरं बिनधास्त हात लावतील, मला भीती त्याची वाटते.

बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पाहिजे. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत येतो का, एवढंच ती बघते. फरक पडला की सेकंदाच्या आत सप्लाय तोडते. दुकानात १०० किंवा ३०० ची दाखवतील, ती माणसासाठी नाही. व्हायब्रेटर थ्री फेज असेल तर चार पोलची घ्या. एमसीबी काढू नका, दोन्ही लागतात. अर्थिंगही नीट करून घ्या, कारण अर्थिंग असेल तर बॉडीला करंट आल्याबरोबर आरसीसीबी पडते, कुणाचा हात लागायची वाट बघत नाही. रोज काम सुरू करायच्या आधी तिचं टेस्ट बटण दाबायचं. पडली नाही तर त्या बोर्डावर काम नाही.

साइट सुपरवायझर, होटगी रोड
काकांचं पटलं. पण शेजारून ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची लाइन जाते का तेही बघा. बांधकामापासून आडवं १.२ मीटर आणि वर ३.७ मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. ते अंतर असलं तरी सळई १२ मीटरची येते, वर ओढताना एक टोक फिरलं की संपलं. तिथं तुमची आरसीसीबी काही कामाची नाही, ती लाइन तुमच्या बोर्डातून येतच नाही. महावितरणला आधी अर्ज द्या आणि त्या बाजूनं माल चढवू नका.

सेंट्रिंग मुकादम, जुळे सोलापूर
ठेकेदाराशी बोललो. म्हणतो, मागच्या साइटला आरसीसीबी सारखी पडायची, म्हणून काढून टाकली.

वायरमन काका
पडत होती म्हणजे कुठंतरी करंट गळत होता. सगळे पिन टॉप (प्लग) काढा आणि एकेक लावत चला. ज्याला पडेल ती मशीन किंवा तिची केबल खराब. बहुतेक वेळा टेप मारलेला जॉइंट पाण्यात पडलेला सापडतो. असली केबल बदला, बाकीच्या जमिनीवरून उचलून टांगा. सॉकेटात काड्या खोचून वायर लावणं आजपासून बंद.

पोरांना एक आत्ताच सांगून ठेवा. कुणी चिकटला तर आधी मेन स्विच, मग माणूस. त्याला वाळूत किंवा मातीत पुरायचं नाही, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा.

ठेकेदार तरीही ऐकत नसेल तर स्लॅबच्या दिवशी पेट्रोल इंजिनचा व्हायब्रेटर भाड्यानं आणायला लावा.