मदत हवी आहे: चिपडं येणारं मांजराचं पिल्लू आणावं का?

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आणलेलं पिल्लू सहाव्या दिवशी गेलं. आणलं तेव्हा ते गप्प गप्प होतं. आम्हाला वाटलं, नव्या जागेला बुजलंय. मग उलट्या, जुलाब, आणि पाण्याच्या वाटीवर मान टाकून नुसतं बसून राहणं. डॉक्टर म्हणाले पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, विषाणूचा आजार. लक्षणं दिसायला साधारण 2 ते 10 दिवस जातात, म्हणजे लागण बहुतेक आधीच झालेली असणार. देणाऱ्यांनी लस झालीय असं सांगितलं होतं. कार्ड मागायचं आम्हाला सुचलंच नाही, ते अजून खातंय मला.

आता 9 आठवड्यांची दोन पिल्लं बघितली आहेत. आईजवळच आहेत, एक लस झालीय, कार्डही पाहिलं. काळं एकदम धीट, दोरी हलवली की झेप घेतं, वजन 900 ग्रॅम. करड्याच्या उजव्या डोळ्याला चिपडं येतात, अधूनमधून शिंकतं, कानात कॉफीच्या चोथ्यासारखी घाण आहे. वजन 680. दोघांच्याही हिरड्या गुलाबी, शेपटीखालची जागा स्वच्छ. लेकीचा जीव करड्यावर जडलाय. मांडीवर घेतलं की ते लगेच घुरघुरायला लागतं.

करडं आणणं चूक ठरेल का? आणि आमच्या घरात तो जुना विषाणू अजून असेल का? पुन्हा तसं बघायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद १

वाचून फार वाईट वाटलं. कार्डाचं मनाला लावून घेऊ नका, एवढ्या लहान पिल्लाला एक लस झालेली असली तरी हा आजार होऊ शकतो.

करड्याच्या कानात बहुधा कानातले किडे आहेत, औषधाने जातात. शिंका आणि चिपडं म्हणजे बहुतेक कॅट फ्लू. त्यामागे हर्पिस विषाणू असेल तर तो अंगात कायमचा राहतो, ताण आला की डोळा पुन्हा येतो. तरी अशी मांजरं वर्षानुवर्षं छान जगतात. आणि एकाच आईजवळ वाढलेलं काळंही त्यातून सुटलं असेलच असं नाही, कदाचित फक्त आज दिसत नसेल.

मला काळजी वजनाची वाटते. या वयात पिल्लू रोज साधारण 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं. चार दिवसांनी त्याच काट्यावर पुन्हा वजन करा. वाढलं नसेल तर आणायची घाई नको, आधी व्हेटला दाखवा. मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची तपासणी दोन्ही पिल्लांची आणि आईचीही करून घ्या.

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. जुनं अंथरूण, लिटर ट्रे, वाट्या टाकून द्या. फरशी आधी धुऊन घ्या, मग 1 भाग ब्लीचला 32 भाग पाणी घेऊन पुसा, 10 मिनिटं ओलीच राहू द्या आणि पुन्हा साध्या पाण्याने पुसून वाळवा. फिनेल मात्र अजिबात नको, मांजरांना ते विषारी असतं. पुढच्या लसी 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी.

धागाकर्ती

खूप आभार. आजवर फिनेलनेच पुसत होते! शनिवारी दोघांचं वजन करून इथेच लिहिते. दोन्ही आणायचा विचारही मनात येतोय.