नाशिकमध्ये गायन घेऊन पदवी : छोटं कॉलेज चालेल का?

गोदाकाठ :
भाचीची बारावी झाली, गायनाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा झालीय, पट्टी (गाण्याचा आधार सूर) काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी. नाशिक सोडायचं नाही, म्हणून इथल्याच एखाद्या छोट्या कॉलेजात गायन मुख्य विषय घ्यायचा विचार आहे. प्रवेशाआधी नेमकं काय बघावं? सोबत विशारद (त्यापुढची गायनाची परीक्षा) झेपेल का?

खर्जाचा_रियाज :
आधी प्रात्यक्षिकाच्या तासांचं गणित मांडा. प्रात्यक्षिकाचं १ क्रेडिट म्हणजे सत्राला ३० तास. २ क्रेडिटं असली तर ६०, म्हणजे १५ आठवड्यांत आठवड्याला ४ तास. वर्गात १२ मुलं असतील तर एकेकाच्या गळ्याला आठवड्याला २० मिनिटं मिळतात, ३० असतील तर ८. त्यामुळे वर्ग लहान असणं फायद्याचंच. फक्त इतक्या कमी संख्येवर तिसऱ्या वर्षापर्यंत विषय चालू राहील ना, हे विभागप्रमुखांना स्पष्ट विचारा.

दुसरी गोष्ट पट्टीची. मुलगे साधारण काळी एकमध्ये गातात, मुली काळी चार-पाचमध्ये. सगळ्यांना एकत्र बसवून मधली पट्टी धरली की मुलींना मंद्र (खालचं सप्तक) सापडत नाही आणि मुलग्यांचा तार षड्ज (वरचा सा) ताणून निघतो. वेगळ्या बॅच आहेत का ते बघा. तबलजी रोज येतात की परीक्षेच्या आधीच, हेही बघा. ॲपचा ठेका लयीला पक्का असतो, पण गाणारा चुकला तर त्याला सांभाळून घेत नाही. विलंबित (संथ) एकतालात समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचा अंदाज माणसाच्या साथीनेच बसतो. माहितीपत्रकावर जाऊ नका, परवानगी काढून एक तास वर्गात बसा.

मात्रा_सोळा :
विशारद झेपेल, पण तारखा सांभाळा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात, कॉलेजच्या सत्रपरीक्षाही त्याच सुमारास. पहिलं वर्ष मोकळं सोडा, दुसऱ्यात विशारद प्रथम, तिसऱ्यात पूर्ण.

मुलं खरी अडकतात ती स्वरलिपीत, म्हणजे गाणं कागदावर लिहायच्या पद्धतीत. कॉलेजात बहुतेक भातखंडे पद्धत, गांधर्वच्या वहीत पलुसकर. भातखंड्यांत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुसकरांत तेच टिंब मंद्र दाखवतं. मध्यम स्वरावरची (म) उभी रेघ भातखंड्यांत तीव्र, पलुसकरांत तार. सम भातखंडे × ने दाखवतात, पलुसकर १ ने. ‘खाली’ (टाळी न देता हात सोडायची मात्रा) भातखंड्यांत ०, पलुसकरांत +. दोन्ही एका वहीत लिहिलं की पेपरात सरमिसळ होणारच. दोन वह्या करा, वेगळ्या रंगाच्या. ही लिपी करणाऱ्या गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचं उत्तरायुष्य याच नाशकात गेलं. इथल्या मुलांना त्यांची लिपी नीट वाचता यावी असं मनापासून वाटतं.

गोदाकाठ :
फार उपयोगी. घरी तानपुरा घ्यावा की ॲप पुरेल?

खर्जाचा_रियाज :
रोजच्या रियाजाला ॲप चालेल, पण जुळवणं हाताने यायलाच हवं, तोंडी परीक्षेत ते करून दाखवायला सांगतात. आधी खुंटीने स्वर जवळ आणायचा, मग मण्याने बारीक फरक काढायचा, शेवटी घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखालचं सूत केसभर सरकवून जवारी (तारेचा झंकार) उघडायची. आवाज बोथट आला तर बहुतेकदा तार बिघडलेली नसते, सूत जागेवरून हललेलं असतं.

श्रावणात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, त्या जोराने पिळू नका, चीर जाते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात उलट त्या सुटतात. तेव्हा खुंटी काढून खडू चोळा आणि आत दाबत फिरवा.

पहिली तार एरवी पंचमाला. मालकंसात पंचम नाही, तिथे ती मध्यमाला उतरवा. मारव्यात निषादाला. आणि सिटी बसमधून न्यायचा असेल तर भोपळ्याला रजईची खोळ हवीच, नुसती कापडी पिशवी नको.