पाळकबाई वॉर्ड ऑफिसात जातात म्हणून मंडळीत नाराजी, शनिवारी कमिटीत काय बोलू?

दिघ्याची_लेक:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दीड वर्षापूर्वी पाळकबाई (धर्मगुरू) आल्या, बाई पाळक पहिल्यांदाच म्हणून सुरुवातीला कुजबुज होती, पण त्यांचा उपदेश ऐकला आणि ती थांबली. आता वेगळंच निघालंय. काही जुने लोक म्हणतात बाई आठवड्याचे दोन दिवस वॉर्ड ऑफिस नाहीतर हॉस्पिटलमध्ये असतात, पाळकाने कळप सांभाळावा, नळाची लाइन नाही. मला फार लागलं हे. मे महिन्यात डोंगरावरच्या चाळींची पाइप फुटली तेव्हा ह्याच बाई हंडेवाल्या बायकांबरोबर दिवसभर ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यात आपल्या चर्चच्या फक्त तिघी होत्या. रविवारी त्यांचा आवाज पार बसलेला, तरी प्रभुभोजन त्यांनीच दिलं. शनिवारी मंडळीचा कारभार बघणारी पास्टरेट कमिटी आहे, काय बोलू?

जुना_सेवक:
ताई, मी कमिटीत २२ वर्षं काढलीत. म्हाताऱ्या माणसाला दार वाजलेलं ऐकायचं असतं, पाळकाने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी एवढंच. वॉर्ड ऑफिसची तक्रार करणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा हे असतं. म्हणून नुसतं कौतुक करत बसू नका, घरभेटींची वही काढा, कोणाकडे जायचं राहिलंय ते बघा. आणि फॉर्म भरायचं काम तरुण संघाने उचलायला काय हरकत आहे? बाकी पाळकाचा सरकारी कागदाशी संबंध नाही म्हणणाऱ्यांना सांगा, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यापासून आपण लावलेल्या लग्नांच्या नोंदी सरकारकडे जातायत.

कळव्याची_ताई:
पंडिता रमाबाई आठवा की. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बायका-पोरी केडगावला आणल्या, आणि त्याच बाईने मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत केलं. भाकरी आणि वचन दोन्ही एकाच हाताने. तेव्हा बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळत नव्हती. २०१३ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात बाई बिशप झाल्या तेव्हा माझी आई रडली होती, आनंदाने.

डोंगरावरचा_शेजारी:
मी ख्रिश्चन नाही, चालत असेल तर लिहितो. माझ्या मुलीला १८ पूर्ण झाली, बाईंनी सांगितलं की मतदार यादीत नाव घालायला आता १ जानेवारीची वाट बघायला नको, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची एक तारीख पण धरतात, आणि फॉर्म ६ समोर बसून भरून घेतला. पिशवीत बायबल, त्याच्याच प्लॅस्टिकमध्ये आमच्या गल्लीतल्या लोकांचे झेरॉक्स, पावसात भिजू नयेत म्हणून. माझे वडील रात्री अडीचला गेले, बाई चार वाजता हॉस्पिटलात होत्या, सकाळी दाखला मिळेपर्यंत हलल्या नाहीत. आमच्यासमोर त्यांनी प्रार्थनासुद्धा विचारून केली. मीटिंगला बाहेरचा माणूस चालतो का? मी येऊन एवढं सांगेन.

दिघ्याची_लेक:
दादा, या नक्की, संध्याकाळी सहाला आहे, मी सेक्रेटरींना विचारून ठेवते. आणि काका, वही बघितली मी. सात घरं राहिलीत, त्यातली चार खाट धरलेल्यांची. बाईंना फोन केला तर म्हणाल्या उद्यापासून चल माझ्याबरोबर. पहिलं घर त्याच आजोबांचं, ज्यांनी तक्रार केली.